बीपीची गोळी आणि दुधाची किटली

आमचं गाव कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर तालुक्यात, पंचगंगेच्या काठाला. तिथं माझी आत्ती राहते, वय ६७. तीन वर्षांमागं मामा, म्हणजे आत्तीचा नवरा, अटॅकनं गेले. मातीला अख्खं गाव होतं, रक्षाविसर्जनाला अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती, दिवसकार्य होईपर्यंत घरात चूल पेटवायची वेळच आली नाही, कुणी भाकरी आणतंय, कुणी पिठलं आणतंय, रात्री सोबतीला चार बायका झोपायला. आणि मग पोरगा पुण्याला कामावर गेला, पोरगी सासरी गेली, बायका आपापल्या घरी गेल्या आणि एका आठवड्यात सगळं एकदम शांत झालं.

म्हैस होती ती विकली. म्हैस विकली म्हणजे नुसतं दुधाचं बिल बंद झालं असं समजू नका, सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला डेअरीच्या दारात रांगेत उभं राहायचं, फॅट किती लागलं ते बघायचं, कुणाची सून बाळंत झाली, कुणाच्या उसाला तोड आली, हे सगळं तिथंच कळायचं, ते पण बंद. वर्षभरात उपकेंद्रात बीपी मोजलं तर १८० च्या वर. गोळी चालू केली, पुढच्या वेळी परत तेवढंच. मी घरी गेल्यावर फडताळात बघितलं तर गोळ्यांचं पाकीट जवळजवळ भरलेलं. विचारलं तर म्हणाली, "जेवानच करू वाटत न्हाई, गोळी कशावर घिऊ?"

समोरच्या घरातल्या काकूंनी जे केलं ते मला अजून आठवतं. आधी त्या रोज चहा घेऊन यायच्या, "काय लागलं तर सांग" म्हणायच्या, आत्ती काही सांगायची नाही. मग एके दिवशी सकाळी सहाला दोन किटल्या घेऊन दारात उभ्या, "माझा हात लई दुखायलाय गं, एवढी एक किटली धरतीस काय? चल माझ्यासंगट." आत्ती गेली. दुसऱ्या दिवशी परत गेली. आठ महिन्यांनी बीपी १३८ वर आलं, आणि डॉक्टरांनी डोस बदलला नव्हता, गोळी तीच होती.

आता किटली उचलल्यानं बीपी उतरतं असं कुणी म्हणणार नाही आणि मी पण म्हणत नाही. पण मधे काय काय झालं ते नीट बघितलं की माणसांचा आधार आणि तब्येत यांचं नातं सोप्यात समजतं, म्हणून हे लिहितोय.

अभ्यासक ज्याला सोशल सपोर्ट म्हणतात त्याला आपल्याकडं आधार हा एकच शब्द आहे, पण त्या एका शब्दात वेगवेगळ्या गोष्टी भरलेल्या असतात. जेम्स हाऊस म्हणून अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी १९८१ मध्ये त्याचे चार भाग करून दाखवले. एक मनाचा आधार, म्हणजे जवळ बसणारं, ऐकून घेणारं माणूस. दुसरा हाताचा, म्हणजे पैऱ्यानं, आज तुझ्या रानात उद्या माझ्या, असं येऊन भांगलण करून देणारे, रात्री दोनला जीप काढणारे, पाच हजार हातउसने देणारे. तिसरा माहितीचा, म्हणजे ही गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, हा कागद घेऊन सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात जा, असं सांगणारं कुणीतरी. चौथा थोडा बारीक आहे, तुमचं चाललंय ते बरोबर चाललंय का हे तोंडावर सांगणारं माणूस, "हे अंगावर काढू नकोस, दाखवून घे" असं म्हणणारं. आपल्याकडं गडबड अशी होते की एक प्रकार भरपूर मिळतो आणि दुसऱ्याची गरज असते. आत्तीला भाकरी भरपूर मिळाली, पण बोलायला कुणी नव्हतं. एखाद्या पोराला मित्र भरपूर असतात, पण त्यातल्या एकालाही कर्जाचा आकडा सांगता येत नाही.

आणि अजून एक गोष्ट, जी मला स्वतःला कळायला वेळ लागला. प्रत्यक्ष मिळालेली मदत वेगळी आणि 'वेळ आली तर माणूस येईल' ही मनातली खात्री वेगळी. तब्येतीशी जास्त घट्ट जोडलेली दिसते ती खात्री. मदत मागायची वेळ वर्षात एकदा येईल नाहीतर येणारही नाही, पण खात्री रोज रात्री झोपताना सोबत असते. उलट मदत घेऊन घेऊन माणूस मिंधा झाला, घेताना मान खाली घालावी लागली, तर तीच मदत टोचते.

हे नुसतं भावनेचं बोलणं नाही, आकडे आहेत. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या अलामेडा काउंटीत १९६५ ला जवळपास ७,००० लोकांची माहिती घेतली, लग्न झालंय का, मित्र-नातेवाईक किती, कुठल्या गटात मंडळात जाता का, आणि मग नऊ वर्षं बघितलं कोण जगलं कोण गेलं. लिसा बर्कमन आणि लिओनार्ड साइम यांनी १९७९ मध्ये तो निकाल छापला. ज्यांचे संबंध सगळ्यात कमी त्यांचं मरणाचं प्रमाण सगळ्यात जास्त संबंध असणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त निघालं, बायकांत तर तिपटीच्या जवळ. आता कुणी म्हणेल की आजारी माणूसच घराबाहेर पडत नाही म्हणून त्याचे संबंध कमी, म्हणजे उलटंच आहे. शंका रास्त आहे, आणि काही प्रमाणात तसं होतंच. म्हणून त्यांनी सुरुवातीची तब्येत, बिडी-सिगारेट, दारू, पैसा हे सगळं हिशोबात धरून परत मोजलं, तरी फरक राहिला. पुढं २०१० मध्ये ज्युलियन होल्ट-लुनस्टाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४८ अभ्यास एकत्र केले, ३ लाखांहून जास्त माणसं, आणि ज्यांचे संबंध घट्ट त्यांची त्या काळात जगण्याची शक्यता सरासरी ५० टक्क्यांनी जास्त दिसली.

मला सगळ्यात पटलेला प्रयोग सर्दीचा आहे. शेल्डन कोहेन यांनी १९९७ मध्ये २७६ धडधाकट माणसांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब घातले आणि त्यांना वेगळं ठेवून बघितलं. विषाणू सगळ्यांना सारखाच. पण ज्यांची नाती एक ते तीनच प्रकारची होती त्यांना सर्दी होण्याचा धोका, सहा किंवा जास्त प्रकारची नाती असणाऱ्यांच्या चौपटीहून जास्त निघाला. इथं प्रकार हा शब्द महत्त्वाचा आहे. शंभर भावकी असली तरी तो एकच प्रकार. भावकी, शेजार, तालमीतली पोरं, भजनी मंडळ, बचत गट, कामावरचे, माहेरचे, असे वेगवेगळे धागे असले तर एक तुटला तरी माणूस लोंबकळत नाही.

मग हे शरीरात शिरतं कसं? दोन वाटा आहेत. एक आतली. काळजी लागली की शरीर धोका आल्यासारखं वागतं, कॉर्टिसोल आणि अॅड्रेनालिन वाढतं, हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, साखर वाढते. कुत्रं मागं लागलं तर हे फायद्याचं आहे, पळता येतं, आणि पाच मिनिटांत सगळं खाली येतं. पण कर्ज, वाटणीची कोर्ट केस, एकटेपण, ही कुत्री महिनोन्महिने मागं लागलेली असतात, तेव्हा ते वर चढलेलं खाली येतच नाही, झोप मोडते, शरीरात बारीक सूज राहते, आणि मग बीपी, शुगर, हार्ट. जवळ माणूस असलं की संकट तेवढंच राहतं पण शरीर त्याला एवढा मोठा धोका मानत नाही. पिकअपच्या हौद्यात बसल्यावर आणि चांगल्या सस्पेन्शनच्या गाडीत बसल्यावर खड्डा तोच असतो, हाडं वेगळी दुखतात, तसंच काहीसं.

दुसरी वाट बाहेरची, आणि खेड्यात माझ्या मते हीच मोठी आहे. गोळी घेतली का विचारणारं कुणी आहे का. दोन माणसांसाठी स्वयंपाक होतो, एकट्यासाठी बाई शिळी भाकरी नि चटणीवर भागवते. टीबीची गोळी निदान सहा महिने घ्यायची असते आणि दोन महिन्यांत बरं वाटायला लागतं, तिथं नेमकं सोडून देणाऱ्याला दामटणारं घरात कुणी लागतं. दवाखान्यात सोबत कोण येणार, म्हशीची धार कोण काढणार, एवढ्यावरून ऑपरेशन पुढं ढकलणारी माणसं मी बघितली आहेत. बाळंतपणाबाबत तर १९९४ मध्येच अभ्यासकांनी तीन उशीर सांगितलेत, दवाखान्यात जायचं ठरवण्यात उशीर, तिथं पोचण्यात उशीर आणि पोचल्यावर उपचार मिळण्यात उशीर. तिसरा दवाखान्याच्या हातात, पण पहिले दोन बघा, ते घरात आणि गल्लीत होतात. गगनबावड्याकडची नाहीतर चंदगडची एखादी वाडी घ्या, पावसाळ्यात रात्री कळा सुरू झाल्या किंवा उसात पाणी पाजताना साप चावला, तर १०८ ला फोन लावायचाच, पण ती येईपर्यंत गाडी कुणाची, ड्रायव्हर कोण, रुग्णाला उचलायला चौघं कोण, हे ज्या घराला पाठ असतं त्यांचा अर्धा तास वाचतो.

आता मला जे खरं सांगायचंय ते. शहरातली माणसं म्हणतात, गावाकडं काय प्रॉब्लेम, गावात सगळे एकमेकांना ओळखतात. ओळखतात, बरोबर आहे. पण ओळखणं आणि आधार असणं यात मोठं अंतर आहे. गावात सगळे ओळखतात म्हणूनच मानसिक त्रासाला डॉक्टरकडं जायची लाज वाटते, कारण एसटी स्टँडवर भेटलेला पहिला माणूस विचारणार, कुठं निघालास. सगळे ओळखतात म्हणून पुरुष माणूस रडत नाही. आणि ओळखीतून मिळणारा सल्लाही नेहमी चांगलाच असतो असं नाही, अंगारा लाव, देवऋष्याकडं चल, शुगरची गोळी बंद करून हा पाला खा, हेही प्रेमानंच सांगितलं जातं. दारू पाजणारे मित्र पण मित्रच असतात.

आणि जाळं असलं तरी त्यातून काही जण ठरवून बाहेर ठेवलेले असतात. विधवा बाईचंच घ्या. नवरा गेल्यावर हळदी-कुंकू बंद, ओटी भरायला बोलावणं बंद, लग्नात पुढं यायचं नाही. आपण याला रूढी म्हणतो, पण आरोग्याच्या नजरेनं बघितलं तर ज्या क्षणाला त्या बाईला माणसांची सगळ्यात जास्त गरज असते त्याच क्षणाला तिचे तीन-चार धागे आपण स्वतः कापतो. कोहेनचा सर्दीचा प्रयोग इथं ठेवून बघा. म्हणून शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडचा ठराव मला आरोग्याचा ठराव वाटतो. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेनं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं ही प्रथा बंद करायचं ठरवलं आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींसाठी परिपत्रक काढलं. ज्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्येच विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला तिथं हे व्हायला एवढी वर्षं लागली याचं मनापासून वाईट वाटतं, पण झालं.

बाकीचे पण आहेत. ऊसतोडीला बीड-जालन्याकडून आलेल्या टोळ्या, सहा महिने फडाच्या कडेला खोपटात राहतात, त्यांच्या पोराला ताप आला तर कुठं न्यायचं हे सांगणारं कुणी नसतं. वस्ती गावकुसाबाहेर आहे म्हणून पारावर बसण्याचा हक्क नसलेली माणसं. जातपंचायतीनं वाळीत टाकलेली कुटुंबं, ज्यासाठी महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. नवीन लग्न होऊन आलेली सून, जिचा फोन सासूच्या हातात असतो. बांधावरून सख्ख्या भावाशी बोलणं बंद झालेला माणूस, त्याला तर दारासमोरच्या दारात आधार होता, तोच गेला.

पुराचं बोलल्याशिवाय हे पूर्ण होत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४३ फूट. आमच्या गल्लीत पाणी शिरलं ते रात्री. एनडीआरएफची बोट आली, त्यांचे उपकार आहेतच, पण ती यायच्या आधी कुणाच्या माडीवर अंथरुणाला खिळलेली म्हातारी आहे, कुठल्या घरात बाळंतीण आहे, कुणाला ऐकू येत नाही, हे शेजाऱ्यालाच माहीत होतं. जपानमध्ये कोबेला १९९५ ला भूकंप झाला तेव्हाही ढिगाऱ्यातून जिवंत काढलेल्यांपैकी बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच काढलं होतं. पण पुरात एक गोष्ट अशी कळली जी एरवी कळत नाही. शेजार कितीही चांगला असला तरी पाणी त्याच्याही घरात असतं. तेव्हा उपयोगाला आले ते पै-पाहुणे, उंचावरच्या गावातले, ज्यांनी माणसं घेतली, जनावरं घेतली, वैरण दिली. आणि पाणी उतरल्यावर पंचनाम्याचा कागद, नुकसानभरपाई, यासाठी लागलं ते तलाठ्याशी ग्रामसेवकाशी नीट बोलू शकणारं माणूस. अभ्यासक असेच तीन थर सांगतात, आपल्यातला आधार, गावाबाहेरचा आधार आणि सत्तेपर्यंत पोचणारा आधार. गरीब घरात बऱ्याच वेळा पहिला थर भक्कम असतो, पण दुसरे दोन नसतात, आणि म्हणून तीच घरं पुरातून उठायला सगळ्यात जास्त वेळ घेतात.

पूर आला की पहिला महिना मदतीचा महापूर येतो, चटया, बिस्किटं, कपडे. चौथ्या महिन्यात कुणी नसतं. मामा गेल्यावर आत्तीचं जे झालं तेच. ढग आले की झोप उडते असं सांगणारी माणसं अजून भेटतात.

हा आधार मुद्दाम उभा करता येतो का? येतो, आणि खेड्यांतच करून दाखवलंय. झारखंड आणि ओडिशातल्या आदिवासी भागात एकजुट नावाच्या संस्थेनं बायकांचे गट दर महिन्याला बसवले, गावातलीच एक बाई चित्रं, गोष्टी घेऊन यायची, बाळ का दगावलं, आपण काय करू शकलो असतो, यावर बायका बोलायच्या आणि स्वतःच मार्ग काढायच्या. २०१० मध्ये निकाल आला, तीन वर्षांत नवजात बाळांचे मृत्यू, असे गट नसलेल्या भागापेक्षा ३२ टक्क्यांनी कमी. औषध नाही, मशीन नाही. आपल्या विदर्भात अमरावती भागातल्या ३० गावांत गावच्याच कार्यकर्त्यांना नैराश्य ओळखायला, बोलायला शिकवलं, तर नैराश्य असणाऱ्यांपैकी मदत घेणारे साधारण ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेले. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून कमी शिकलेल्या बायकांना गावच्या आरोग्य कार्यकर्त्या म्हणून उभं केलं, ते तर जगात गाजलं.

कोल्हापुरात साहित्य तयार आहे. गावागावात दूध डेअरी, सोसायटी, तालीम, महिला बचत गट, हरिपाठाची मंडळं. बचत गटाची मीटिंग दर महिन्याला होतेच, हप्ते गोळा झाल्यावर वीस मिनिटं कोण आजारी आहे, कोण दोन महिने आली नाही, यावर बोललं तरी पुष्कळ होईल. फक्त एक काळजी, जिथं गट म्हणजे निव्वळ कर्जाची वसुली झालाय तिथं हप्ता चुकलेली बाई त्याच गटाला तोंड चुकवायला लागते, मग तो आधार राहत नाही. आणि सगळं आशाताईंच्या गळ्यात घालून मोकळं होऊ नये, हजार माणसांमागं एक आशा, त्यांच्यावर आधीच किती रजिस्टरं आहेत ते विचारा कधीतरी. तसंच शेजार चांगला आहे म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर नसला तरी चालेल, असंही कुणी म्हणू नये. काकूंनी किटली दिली, पण बीपीची गोळी लागलीच.

आपण घरच्या घरी काय करायचं, तर "काय लागलं तर सांग" हे वाक्य सोडा, मागणं कुणालाच जमत नाही. "उद्या दहाला बाजाराला निघालोय, तुझी औषधं आणू का" असं नेमकं विचारा. आणि एकट्या माणसाकडनं मदत मागा सुद्धा. २००३ मध्ये अमेरिकेत ४२३ वयस्कर जोडप्यांचा पाच वर्षांचा अभ्यास आला, त्यात दुसऱ्याला मदत करणारे म्हातारे जास्त जगताना दिसले, नुसती मदत घेणाऱ्यांत तसा फायदा दिसला नाही. काकूंनी हे कुठं वाचलं नव्हतं, पण हात दुखतोय म्हणून त्यांनी जी किटली पुढं केली त्यात हेच होतं. एखादा माणूस जीव द्यायचं बोलत असेल, किंवा अचानक सगळ्यांशी तुटून वागत असेल, तर त्याला एकटं सोडू नका आणि टेलिमानस या मनाच्या त्रासासाठीच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लावा, सरकारचा आहे, फुकट आहे, २४ तास चालू असतो, मराठीतही बोलतात.

आमच्या गल्लीत २०२१ ला परत पाणी आल्यावर पोरांनी एका वहीत घरागणिक लिहून ठेवलंय, कोण एकटं झोपतं, कुणाला चालता येत नाही, कुणाला रोजची गोळी आहे, जीप कुणाची, त्याचा नंबर काय. दर मे महिन्यात ती वही नव्यानं लिहितात, कारण वर्षात कुणीतरी गेलेलं असतं आणि कुणीतरी नव्यानं एकटं झालेलं असतं. यंदा लिहायला पोरं आली तेव्हा आत्तीनं आपल्या नावापुढं काय लिहिलंय ते वाचून घेतलं, आणि वरच्या आळीत एक सून दोन महिने पाण्याला सुद्धा बाहेर दिसत नाही, तिचं घर लिहा म्हणून सांगितलं.